धोंडूभाऊंचा अर्धा तास

धोंडूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला सलूनमध्ये बसलो होतो, अर्धी दाढी झाली होती. उरलेली करून घेतली आणि घरी आलो. तुम्हाला त्यांचा हा किस्सा सांगायचा राहिलाच होता.

जुन्नरला नेट कॅफे नवे होते तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर कॅफेत बसून सुळके चढणाऱ्यांसाठी वाटांची माहिती देणारी एक वेबसाइट चालवायचो. वाटा सगळ्या धोंडूभाऊंच्या, ते नाणेघाटाकडचे जुने वाटाडे. ते सांगायचे, मी टाइप करायचो. एका सुळक्याच्या पायथ्याला जायला ते म्हणाले, "अर्धा तास." मी तसंच लिहिलं. पुण्याच्या चौघांना तिथं पोचायला अडीच तास लागले. पाणी संपलं, एकजण चक्कर येऊन पडला. त्यांचा ईमेल मी हसत वाचून दाखवला. धोंडूभाऊ हसले नाहीत.

"मी माज्या पायानं सांगितलं, गुरुजी. पोरगं गेलं असतं ना राव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "चला. तुमी फुडं, मी मागं."

"मी कशाला?"

"तुमच्यावानी पोट आन् धाप मी कुठून आणू?"

मग प्रत्येक वाट त्यांनी मला पुढं घालून मोजली. मी कुठं बसलो, कुठं पाणी मागितलं, सगळं लिहायला लावलं. त्यानंतर एकही तक्रार आली नाही. कितीतरी अनोळखी माणसं त्या वेळांवर विसंबून सुखरूप परतली.

सुळक्यामागच्या घळीतून उतरायची वाट तेवढी आम्ही मोजली नाही, आणि आता माझ्या मागं चालायला धोंडूभाऊ नाहीत.