वरून पाहिलेलं शेत

हिरामण: …म्हणून बोलतो साहेब, तुम्हीच सांगा हिला. माझा ऐकत नाय.

चिंतामणी: आधी बसा तरी. अंजनी, बाबांना पाणी दे. काय सांगू मी तिला?

हिरामण: इंजिनिअर हो, म्हणून सांगा. दहावीला एवढे मार्क आख्ख्या पालेगावात कुनाच्या पोरीला पडले नायत. सरकारी पॉलिटेक्निकला नाव नाय लागला, नको लागू दे. प्रायवेट कालेज डोनेशन भरला की घेतं. तो बिल्डर रोज दारात येतो, विहिरीकडचा तुकडा द्या बोलतो. देतो त्याला. आज संध्याकाळीच अंगठा लावतो.

अंजनी: बाबा, मी नको म्हटलंय.

हिरामण: ऐकलात? हिला आयटीआयला जायचाय. म्हंजे फिटर नायतर वेल्डर. त्यासाठी शिकवली काय हिला?

चिंतामणी: अहो, तिथे ड्राफ्ट्समनही होता येतं. इमारतींचे, जमिनीचे नकाशे काढायचे. दोन वर्षांचं शिक्षण, फी अगदी नावाला. मी तेच शिकलो. कारखान्याच्या बांधकाम खात्यात सगळी नोकरी त्याच्यावर केली, हे घर त्यातूनच उभं राहिलं.

हिरामण: तुमचा जमाना वेगळा होता, साहेब.

चिंतामणी: काम तेच आहे. तुमच्या गावाभोवती बिल्डिंगी उठतायत, त्यातली एक तरी नकाशाशिवाय उठली का? आणि पुढे वाटलं तर नोकरी सांभाळून डिप्लोमाही करता येईल तिला.

हिरामण: नकाशा आमी तलाठ्याकडं बघितलाय. नुसत्या रेघोट्या.

अंजनी: शेत विकून गेले आणि नाही जमलं तर, बाबा? मला तिथे पुस्तकातलं अक्षर दिसणार नाही. सारखं शेतच दिसेल.

हिरामण: त्याचा विचार तू नको करू. शेत माझा हाय.

चिंतामणी: अंजनी, तो कागद आण. हिरामण, विठाबाई दूध घालायला येतात ना, त्यांच्याबरोबर ही सुट्टीभर यायची. माझ्या ड्रॉइंग बोर्डापाशी बसून शिकायची. तिचं काम एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल ते सांगतो तिला.

(अंजनी टेबलावर मोठा कागद उलगडते. हिरामण बराच वेळ वाकून पाहतो.)

हिरामण: मना वाचता येत नाय.

अंजनी: वाचायचं नाही. नुसतं बघा.

हिरामण: ही… ही विहीर काय? पायऱ्या ह्या अंगाला.

अंजनी: हो.

हिरामण: म्हंजे ह्यो आपला बांध. हिथं खडक लागला म्हणून माझ्या बापानं वाकवला होता. तो वाक पन आलाय. तू कसा काढलास?

अंजनी: टेप लावून मोजला. थोडा थोडा.

हिरामण: आन ह्यो मोठा गोल?

अंजनी: चिंच. तिच्या फांद्यांचा घेर आहे तो.

हिरामण: चिंच… जन्म गेला माझा तिच्याखाली भाकर खान्यात. ती पार विहिरीवर जाते, मना कवा दिसला नाय. असा कोन बघतो गं? घार बघत असंल. तू एवढी वर कशी गेलीस?

अंजनी: गेले नाही, बाबा. खालीच होते. आई टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.

हिरामण: विठा? मना बोलली नाय ती.

अंजनी: तुम्ही बिल्डरशी बोलत होतात.

हिरामण: साहेब, हात लावला तर चालंल?

चिंतामणी: लावा की. तुमचंच शेत आहे.

हिरामण: नांगर धरला की सरता सरत नाय असा शेत हाय ह्यो. हिनं तो सगळा एका कागदावर ठेवला. खडक पन सोडला नाय… हिथं मात्र कोरा का गं? हिथं तं डोंगर हाय.

अंजनी: डोंगर मला येत नाही अजून. चढ-उतार सपाट कागदावर कसा दाखवायचा, ते आयटीआयत शिकवतात.

हिरामण: डोंगर पन कागदावर येतो?

चिंतामणी: येतो. किती उंच आहे, कुठून चढायचं, सगळं.

हिरामण: …बिल्डरला सांगतो, नाय जमायचा.

चिंतामणी: आणि अंजनीला काय सांगू?

हिरामण: काय नको. पोरी, तिकडं नाव घालायला जाशील तवा मी पन येतो. डोंगर कुठं शिकवतात, ती जागा मना बघायचीय.