घंगाळ देऊन घेतलेलं इंजन

...नाई, पन मले एक सांगा, गिऱ्हाइकाले मळकी वस्तू द्याची काय? भंडाऱ्यात तीन पिढ्या भांड्याचं दुकान आहे आमचं, यादोराव भांडेवाले म्हनलं का स्टँडवरचा ऑटोवाला डोळे मिटून आनून सोडते, अन् आजवर साधा लोटा बी आमी घासल्याबिगर दुकानाबाहेर जाऊ देल्ला नाई! मंग माह्यं चुकलं कुठी? पन नाई... सारे हासून राहिले! बायको त हासत बी नाई, ते बोलतच नव्हती!

तुमाले सांगतो, झालं काय का, लाखांदुरकडचा बुधराम आला दुकानात. पोरीचं लगन जुळलं होतं. आता आमच्याकडे मोडीचा रिवाज, म्हंजे जुनं भांडं आना, आमी तोलून घेतो, बदल्यात नवीन न्या. लोकं फुटकं गंज-पातेलं आनते, चेपलेली परात आनते. या बाप्पानं काय आनावं? इंजन! जुन्या जीपचं इंजन, त्याच्या बापानं विहिरीवर पानी ओढाले बसवलं होतं, आता त्याचा नुसता ब्लॉक राह्यला होता, चार भोकायचा लोखंडी ठोकळा, गंजून लाल! अन् म्हने, "भाऊ, हे मोडीत घ्या, अन् मले ते घंगाळ द्या जी."

ते घंगाळ! अहो, ते विकाचं नव्हतंच! माह्या बायकोनं, ज्योत्सनानं माहेराहून आनलेलं, हातानं ठोकलेलं, दोन कड्यायचं पितळी घंगाळ, दुकानाच्या शोभेले ठेवलं होतं. माही सासू आनंदाबाई आली का पहिले दुकानात येऊन त्या घंगाळाले टिचकी मारते, कान लावून आवाज आयकते, अन् मंग लेकीले विचारते, "बरी आहेस काय वो?"

मंग देल्लं काहून, म्हनता? अहो, मोबाइल! मोबाइलवर मी पाह्यलं होतं, शहरातले हौशी लोकं जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करते अन् अशा ब्लॉकसाठी जीव टाकते. बुधरामले बाकड्यावर बसवलं, फोटो टाकला, त्याचा चहा संपाच्या आत पुन्याहून फोन! "यादोरावजी, हा ब्लॉक मी नऊ वर्षं शोधतोय हो! माझ्या गाडीच्याच सालातला! शनिवारी मी स्वतः येतो. फक्त एक करा, त्याला हात लावू नका. आहे तसाच राहू द्या." भाव मी तोंडाले आला तो सांगतला, साहेबानं हूं का चूं केलं नाई! मी म्हनलं, वा रे वा! या पैशात बुधरामच्या पोरीले याच्याहून मोठं घंगाळ बनवून देतो, आपलं वापस आनतो, रविवारी सासू येनार, त्याच्या आत! ज्योत्सना म्हने, "माह्या मायचं घंगाळ आलं नाई न, त त्या इंजनातच सैपाक कराचा अन् तुमीच जेवाचा." अन् तिनं बोलनं बंद केलं.

आता शुक्रवारी दुकानात मी अन् समोर तो ब्लॉक. गंजलेला! चिखलाचा! एका भोकात पाखराचं घरटं! साहेब म्हनला, आहे तसाच राहू द्या... अहो, मानूस संकोचानं बोलते न! पाहुना म्हनते, काई करू नका, नुसतं पानी द्या, म्हनून काय तुमी नुसतं पानीच देता काय? मानूस पुन्याहून येऊन राहिला! मी हिरालालले बोलावलं, तीस वर्सांपासून आमचा पॉलिशवाला. ग्राइंडर मारला, बफ मारला, हिरालाल म्हने, "भाऊ, इथी कोपऱ्यात खरबडं लागून राहिलं, आकडे असल्यावानी." मी म्हनलं, कर सपाट! असा चमकला, असा चमकला, का मी त्यात पाहून भांग पाडला! आता सांगा, माह्यं चुकलं कुठी?

शनिवारी साहेब आला. पांढरे हातमोजे! खिशात भिंग! मी वरची चादर ओढली, साहेबानं पाह्यलं... अन् तोंडच उघडं! मी म्हनलं, खुश झाला. तो म्हने, "नंबर कुठाय?" मी म्हनलं, कोनता? "अहो, इथं कोपऱ्यात इंजिनाचा नंबर होता! गाडी अस्सल आहे हे त्या नंबरावरूनच ठरतं! मी त्याच्यासाठीच..." म्हनलं, ते खरबडं काय? ते काढलं जी, त्याचे जास्तीचे पैसे नाई घेत तुमच्यापासून! साहेबानं भिंग काढलं, तो कोपरा पाह्यला, भिंग वापस खिशात ठेवलं. मी चहा-पोहे मांगवले, त म्हने, पानी सुद्धा नको! गेला... हातमोजे बी काढले नाई!

मंग बुधरामले फोन केला. बाबू, तुहं इंजन वापस ने, घासून चकाचक करून ठेवलं आहे, आमचं घंगाळ दे. तो लय नरमाईनं म्हनते, "भाऊ, तुमच्या गल्ल्यामागं पाटी आहे न जी, 'घासलेली मोड वापस होणार नाही'." मागं पाह्यलं, त खरंच आहे! मीच लिहिली! लाल रंगानं!

रविवारी सासू आली. घंगाळाच्या जागी इंजन. मी पोत्याआड. ज्योत्सना पदराचं टोक चावून राहिली. सासूनं टिचकी मारली, आवाज नाई. बुक्की मारली. मंग शेल्फावरचे चार लोटे उचलले, चार भोकात ठेवले, बरोब्बर बसले! म्हने, "जवाईबापू, वजन किती याचं?" म्हनलं, साठ किलो. "अन् घंगाळाचं?" अकरा. "बाई वो! मंग त तुमी माह्या लेकीले फायद्यातच आनलं!"

सुटलो, म्हनता? कायचा सुटलो! ज्योत्सनाची लहान बहीन रंजू, ते पवनीले राह्यते. सासू म्हने, "एका लेकीले आहे अन् दुसरीले नाई, असं बरं दिसत नाई. रंजूसाठी बी एक पाहाजा, दिवाळीच्या आत." ज्योत्सना आता बोलते, पन एकच, "भेटलं काय?" अन् मी भांडेवाला, महिनाभरापासून दुकान सोडून लोकायच्या विहिरी पाहत फिरून राहिलो! तुमच्याकडे कोनाच्या वावरात असन पडलेलं, त सांगजा बाप्पा... कसं बी असो, घासाचं मी पाहून घेतो.