उतरण नसलेला डोंगर

—तर तो आवाज माझाच. भांडण नाही, काही कुटत नाही, कपाट सरकवत नाही — धावते मी. इथंच, ह्या फरशीवर, टीव्हीसमोर, जागच्या जागी. आत या ना विनोदभाऊ, दारात उभे राहून डोळे चोळताय, बरं दिसत नाही. रात्रपाळी करून आलात, जरा अंग टेकलं असेल-नसेल, तोवर वरची बाई धडाधड उड्या मारायला लागली — चिडणारच माणूस. मीसुद्धा चिडले असते. आमच्या ह्यांची रात्रपाळी असते तेव्हा मी सकाळी कुकरसुद्धा लावत नाही. आज त्यांची पहिली पाळी आहे, सहालाच गेले, आणि फोन कंपनीच्या गेटवर जमा — तुम्हाला काय सांगायचं, तुमचाही होत असेल. बसा. नको? बरं. मीही उभीच आहे. आज बसवतच नाही मला.

हे बघा, हे रिंगण, टीव्हीवरच्या व्यायामाच्या खेळाचं. लेकीनं, सेजलनं ठाण्याहून पाठवलं, तिच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी पडून होतं. हे असं दोन्ही हातांत धरायचं, हा पट्टा मांडीला बांधायचा, आणि धावायला लागलं की टीव्हीतली ती बाई धावते. आपण थांबलो की तीही थांबते. गुडघे छातीपर्यंत उचलले की ती डोंगर चढते. मधेच राक्षस येतो, त्याला मारायला उठाबशा काढायच्या. हसा, हसा. आमचे हे पहिल्या दिवशी एवढे हसले — म्हणाले, "शाळेत गुरुजी आम्हाला फुकट काढायला लावायचे, आणि तू त्यासाठी वीजबिल भरतेस?" पण कमी झालं हो वजन. गेल्या पावसाळ्यापासून नऊ किलो. ब्लाउज आत घ्यावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळी चालायला जात जा — कुठं जाऊ? रस्त्यानं निघालं की ओळखीचं माणूस वरखाली बघणार आणि विचारणार, काय वहिनी, किती उतरलं? घरात बरं. दार लावलं की कोण बघतं! त्यात आवाज न करता खेळायचंही एक बटण आहे — हो, आहे, खोटं कशाला बोलू — पण त्यात नुसते गुडघे वाकवायचे, पाय उचलायचा नाही. त्यानं चढल्यासारखं वाटत नाही. आणि मला चढायचंच आहे.

फोन वाजला? नाही ना? मला आज सारखे भास होतायत.

माझं माहेर वर आहे. पोलादपुराच्या पुढं, करंजमाळ — तुम्हाला नाही माहीत, कुणालाच नाही माहीत, डोंगरावर बारा-पंधरा घरं, गुरं आणि वरकस जमीन. रस्ता पायथ्यापर्यंत, पुढं पाऊलवाट. वर माझी आई आणि भाऊ, केरू. आईचा पाय सुजलाय. साखर आहे तिला. बोटाला काटा लागला, सांगितलं नाही कुणाला, हळद लावून बसली — आणि आता बोट काळं पडायला लागलंय. केरूनं फोटो पाठवला तो मी डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आजच्या आज खाली आणा, उशीर झाला तर पाय जाईल, आणि पायावरच थांबेल असंही नाही. असं म्हणाल्या. आजच्या आज.

मग आणा की खाली, असं तुमच्या मनात आलं ना? आणतायत की! डोलीतून आणायचं — कांबळं बांबूला बांधतात, त्यात माणूस, चौघांचे खांदे. खांदे आहेत. एरवी वर कोण असतं हो, म्हातारी आणि म्हशी, पण शिमग्याला मुंबईची पोरं आलीत पालखीसाठी, ती उद्या परत जाणार. म्हणजे आज खांदे आहेत, उद्या नाहीत. पण आई डोलीत बसत नाही. का? तर आमच्याकडे डोलीपुढं घरातली बाई चालते. पाण्याचा तांब्या घेऊन, अनवाणी, वाटेतले काटे-दगड बाजूला करत. तशी रीतच आहे. बाई पुढं नसेल तर ती डोली नाही म्हणतात, दुसरंच काहीतरी — मेलेलं माणूस नेतात तसं. केरूची बायको पोरांच्या शाळेसाठी नालासोपाऱ्याला. घरातली बाई म्हणजे उरली कोण? मीच. आई म्हणते, "संजी वर आली तर बसंन. नायतर मला हतंच ऱ्हावूदे." केरूनं पाया पडून बघितलं, भिकाजीकाकांनी शिव्या घालून बघितलं. नाय म्हणजे नाय.

सातला केरूचा फोन आला. त्याला टेपावर, वरच्या उंचवट्यावर जावं लागतं रेंजसाठी, तिथून ओरडतो. म्हणाला, "संजे, निघालीस का नाय? मानसं खोळंबलीत." मी म्हटलं —

पाणी देऊ तुम्हाला? चहा?

मी म्हटलं, निघाले रे. एसटीत बसलेय. वीर सोडलं आताच.

हो, वीर. आता वीर काय पोलादपूरच्या वाटेवर आहे? उलटीकडं! तोंडात आलं ते बोलले. त्याच्याही लक्षात नाही आलं, बिचाऱ्याच्या. असे बघू नका ना माझ्याकडे. निघणारच होते मी. साडी बदलली, पिशवी भरली — ती बघा दाराशी. आणि मग वाटलं, एकदा चढून बघू. हा जो डोंगर आहे ना टीव्हीत, तो एका दमात चढला की निघायचं. एकदा चढले. मग वाटलं, धाप लागली, ह्याचा अर्थ अजून तयारी नाही — पुन्हा एकदा. मग पुन्हा. तेवढ्यात तुम्ही आलात. म्हणजे खरं तर बरंच झालं तुम्ही आलात, नाहीतर मी अजून — काय बोलत होते मी?

चढ. तर चढ मोठा आहे आमचा. दोन वर्षं गेले नाही मी. ह्यांना सुट्टी नाही, असं सांगते दर वेळी. आईला वाटतं जावईच पाठवत नाही. त्यांचं नावसुद्धा काढत नाही ती आता, आणि हे बिचारे दर दिवाळीला तिच्यासाठी लुगडं घेतात. ते कुणाबरोबर तरी वर पाठवते मी. मी सगळं त्यांच्यावर ढकलते, हे ह्यांना ठाऊक नाही. तुम्ही बोलू नका.

तेव्हा मी पडले होते ना. दोन वर्षांपूर्वी, शिमग्यालाच. घोटा मुरगळला, एवढा सुजला, पाय टेकवेना. मग डोली. मलाच. तेव्हा हे नऊ किलोही होते अंगावर, आणि वर पुरणपोळ्या. चौघांनी उचललं आणि बांबू असा वाकला — मी कांबळ्यात, मला फक्त आभाळ आणि तो वाकलेला बांबू दिसतोय. भिकाजीकाका म्हणाले, "केऱ्या, बहीण हाय का भाताची कणगी रं?" सगळे हसले. मीही हसले. कांबळ्यात पडून हसले, खदाखदा. काय करणार? पोरं म्हणाली, "आत्या, मुंबैला चल, जिम लावतो तुला." मी म्हटलं, लावा. हसतच होते मी. केरू नाही हसला. तो खांदा बदलत होता सारखा.

आणि आमच्याकडे ओढा ओलांडेपर्यंत डोली भुईला टेकवत नाहीत. माणूस जिवंत आहे तोवर वरच. विसाव्याला टेकवतात ती तिरडी. पण माझी — नाय झेपली त्यांना. एकाला धाप, एकाचा पाय सरकतोय. ओढ्याच्या अलीकडंच टेकवायची वेळ आली. आणि पुढं आये होती. हो, माझ्या डोलीपुढं आयेच चालली होती, दुसरं कोन चालणार? सत्तरी उलटलेली बाई, अनवाणी. ती मागं वळली, बघितलं. तांब्या दगडावर ठेवला नि अंगावरचं लुगडं — पदर, सगळा पदर सोडला तिनं, गावातल्या बाप्यांसमोर, चोळीवर उभी — नि खाली अंथरला. मग डोली त्यावर ठेवली. भुईला नाय लागू दिली. असं तीनदा. तीनदा पदर सोडला नि तीनदा झटकून खांद्यावर घेतला. पोरांतला एक जण हसला नाय मग. भिकाजीकाका तिकडं तोंड करून उभे.

तुम्हाला कशाला सांगितलं मी हे? ह्यांनाही नाय सांगितलं. घोटा बरा झाला, पण मला वर जाववेना. बारीक होऊनच जाईन म्हटलं. एकदा ताठ चढून दाखवीन सगळ्यांना, धाप न लागता. म्हणून हे रिंगण, म्हणून ह्या उड्या. सात-आठ महिने तुमच्या डोक्यावर नाचतेय, ते तेवढ्यासाठी.

काय? काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

उतरताना काय होतं?

उतरताना —

थांबा जरा. ह्या खेळात उतरण कुठाय? शिडी हाय, चढ हाय, नदी हाय, उड्या हायत. डोंगर चढून झाला की गाणं वाजतं, बाई हात वर करते नि एकदम दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याला. उतरतच नाय ती. एवढ्या महिन्यांत एकदा नाय उतरली! नि डोलीपुढं चालायचं म्हंजे उतरायचंच की. मी पडले ती उतरतानाच. चढताना कधी पडले नव्हते मी, जाडी असतानासुद्धा नाय — धाप लागायची, बसायचे, उठायचे, पोचायचे. चढायचं कधी अडलंच नव्हतं माझं! नि मी हतं बसून चढाचीच तयारी करतेय! कुणाला सांगितलं तर — तुम्ही हसत का नाय? हसा की. मघाशी हसलात.

बरोबर हाय तुमचं. कशाची तयारी? ती काय पाय बघणार हाय का माझे? ती वाट बघतेय.

उतरीन. बसून उतरीन. पोरी असताना गवताचे भारे पुढं लोटायचो नि मागनं ढुंगणावर घसरत यायचो, सगळी घसारीची वाट, आयेच फटके द्यायची परकर फाटला म्हणून. तांब्या धरायचा, काटे काढायचे, नि जिथं पाय कापतील तिथं बसायचं. बसून चालत नाय असं कुनी सांगितलंय? हसतील पोरं. हसूदे. तिचा पदर त्यांनी बघितलाय.

किती वाजले? पोलादपूरची गाडी — बघू, नाय मिळाली तर ट्रकला हात करीन. तळ्याकडं वीस मार्चच्या सत्याग्रह दिनाची गर्दी सुरू झालीय, रिक्षा नाय मिळायची, स्टँडपर्यंत चालतच जाते. चपला कशाला, वर काढायच्याच हायत — नाय, हायवेपर्यंत लागतील. पट्टा! पट्टा मांडीलाच हाय बघा अजून. सुटत नाय मेला. राहूदे, साडीखाली कोन बघतंय.

हे सुटले की ह्यांना सांगा, संजीवनी करंजमाळला गेलीय, आयेला घेऊन येतेय, दवाखान्यात या. एवढंच सांगा. बाकी मीच सांगीन. नि तो टीव्ही — मला बंद करायला वेळ नाय, तुम्हीच करा, ते लाल बटण. सरका. सरका ना विनोदभाऊ, वाट सोडा. दार नुसतं ओढून घ्या, लागतं आपोआप.