सईची स्कूटर

अगं, काय सांगू तुला. भर दुपारी यांच्या छातीत कळ आली, घामाने शर्ट भिजला. अ‍ॅम्बुलन्स बाड्याच्या चौकातल्या गर्दीत अडकलेली, आणि मला तर सायकलसुद्धा येत नाही. आमची सतरा वर्षांची सई यांची स्कूटर काढून म्हणाली, "बाबा, बसा. आई, तू मागून घट्ट धर." सगळ्या लष्कर भागातून तिने आम्हाला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी विचारलं, "स्कूटर कधी शिकलीस?"

सई घाबरत म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात ना, बस, उसी दिन से."

यांनी तिचा हात धरला. "बरं झालं, ऐकलं नाहीस."