पँटवरची साडी

नाही हो ताई, पँटवर साडी मी नेसवत नाही, सांगितलं ना एकदा—इतकी वर्षं साड्या नेसवून पोट भरतेय, आत परकर, मग साडी, ही रीत आहे—आणि पँटवरच नेसायची तर साडी तरी कशाला, चादर गुंडाळा की! वर तो बेल्ट. साडी काय पळून जाणारय? दाखवा तो फोन परत. हं. ही व्हिडिओतली होय? नाही बाई, मी नाही ओळखत—असेल कोणीतरी, हल्ली जिला आरसा मिळाला ती नेसवणारी झाली. नवऱ्याच्या दुकानाचं उद्घाटन ना तुमच्या? मग अशी अर्धी साडी अर्धी विजार करून गेलात तर लोक दुकान सोडून तुमच्याकडेच बघतील—बघू देत म्हणता? धन्य आहे! राहा उभ्या, आरशाकडे तोंड करून, हात वर. नेसवते. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही.

आता ह्या निऱ्या बघा, सगळं जग डावीकडे वळवतं, हिनं उजवीकडे वळवल्यात—ह्यात फॅशनबिशन काही नाही हो, डावखुरी आहे ती, दुसरं काय? चमचासुद्धा डाव्या हातात धरायची, मी किती वेळा—बरं. आहे. माझीच पोरगी आहे. झालं समाधान? पोट आत घ्या जरा. श्वास नका कोंडू, पोट म्हटलं मी. काल शर्टावर नेसली होती, पदर मफलरसारखा गळ्यात, शोभा नुसती! परवाची धोतरासारखी मात्र बरी—बघते म्हणजे काय, फोन उघडला की आपोआप येतात समोर, मी काय डोळे मिटून बसू? माझी लग्नातली रेशमी साडी, तिनं मधोमध कापली आणि चेन लावली हो! पिशवीला लावतात तशी! वर खिसे! म्हणे, आई, दोन मिनिटांत चढते. मी म्हटलं, ह्या घरात एक तर ती कात्री राहील नाहीतर तू. कार्टी कात्री घेऊनच गेली. माझी कात्री! वर्ष होत आलं, फोन नाही. मी का करू? मी आई आहे. वाटतं हो, रोज वाटतं—पण लावून बोलू काय? कात्री पाठव म्हणू?

हलू नका—काय म्हणालात? तिनंच पत्ता दिला? तुम्ही तिला विचारलंत, ही साडी मला कोण नेसवून देईल, आणि ती म्हणाली—परत सांगा. ‘एकच बाई आहे. आधी नाही म्हणेल, मग तोंडाचा पट्टा सोडेल, पण माझ्यापेक्षा छान नेसवेल.’ तोंडाचा पट्टा? माझा? लबाड आहे कार्टी, एक नंबरची लबाड…

काही नाही. पिन सापडेना. हातातच आहे होय.

झालं. चालून दाखवा—जिना चढल्यासारखं करा. हं. चांगली दिसते. म्हणजे, वाईट दिसत नाही. निघा आता, बाहेर दुसऱ्या बाई खोळंबल्यात. तिला? काही सांगू नका. दोन घास जास्त खा म्हणावं, गळ्याची हाडं दिसतात त्या फोनात. आणि पदर खांद्यावर चापून कसा बसवायचा ते फोनवर नाही सांगता येत म्हणावं, त्याला समोर येऊन उभं राहावं लागतं. बघताय काय? जा हो—दार ओढून घ्या.