दार लावून केलेली इस्त्री

हसू नकोस, पण एकदा मला आमच्या ह्यांचा दाट संशय आला होता. ज्या माणसाने लग्नानंतर स्वतःचा रुमालसुद्धा इस्त्री केला नाही, तो दर रविवारी इस्त्री घेऊन माडीवर जायचा आणि आतून कडी घालायचा. एकदा त्यांच्या बाहीला लाल, चकचकीत पट्टी चिकटलेली दिसली. जावेला दाखवली.

"भेटवस्तूचा कागद गो हा," ती म्हणाली. "तुला काय मिळालं?"

मला काहीच मिळालं नव्हतं!

पुढच्या रविवारी दाराला कान लावला. आत हे लाडात बोलत होते, "अशी नीट बस बघू. आता कशी छान दिसतेस!"

मी दार असं बडवलं की कडी काढावीच लागली. आत बघते तर विमान! कुवेतच्या मित्राने रिमोटवर उडणारं विमान आणून दिलेलं, आणि हे त्याच्या पंखांवर इस्त्रीने तीच कागदासारखी लाल फिल्म चिकटवत होते.

"वाऱ्याने फिल्म उडते, म्हणून दार लावतो," म्हणाले. "हात लावू नको. एक सुरकुती पडता कामा नये, कसब लागतं त्याला."

मी पंख निरखून पाहिला. खरंच एक सुरकुती नव्हती. खाली गेले आणि आठवड्याच्या कपड्यांचं गाठोडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

मघाशी माझ्या साडीची घडी बघून विचारत होतीस ना, कुठल्या लाँड्रीत देतेस म्हणून?