भागीरथी आत्याचं ऊन पाणी आणि माझं मशीन

सगळा दोष भागीरथी आत्याचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की लखन गोल गोल फिरवतो. बापाचाही दोष आहे, पण तो काय, डाळीत मीठ असतं तसा, असायचाच. आमचा बाप बाजीराव, उभा जन्म लूमवर घातलेला माणूस, शेठसमोर तोंड उघडत नाही आणि घरात मिटत नाही. यंदा शेठनं दिवाळीला बोनस दिला नाही, बंगल्यावरचं जुनं सोलर दिलं... काचेच्या काळ्या पेट्या आणि एक टाकी, आणि या गड्यानं ते हातगाडीवर घालून शेठच्या पर्वत पाटियापासून आमच्या नवागामपर्यंत असं मिरवत आणलं, जसा काही लढाईत हत्ती जिंकलाय.

बरं, आणलं, स्लॅबवर चढवलं, आणि तुम्हाला सांगतो, पाणी तापायला लागलं. असं तापलं की बोट घालून बघणारा दुसऱ्यांदा बघत नव्हता. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, नंदुरबारकडून आली ती आमच्यातच राहिली, गल्लीतल्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालते. तिनं टाकीला हात लावला आणि एवढंच म्हणाली, "वर सूर्य शे ना." जसा काही तिनंच सकाळी तिथे नेऊन ठेवलाय.

त्याच सुमारास आम्हाला स्वतःचं मीटर मिळायचं होतं. तोवर शेजारच्या उखामामांकडून वायर ओढलेली. वीज ऑफिसात दर दोन. छोटा दर दिवे-पंखे-टीव्हीवाल्यांना. मोठा दर गिझर आणि मोटरवाल्यांना, त्यात दर महिन्याला ठरलेला आकार, वीज जाळा नाहीतर अंधारात बसा. आता सूर्य ज्यांचं पाणी तापवतो त्यांना कोणता दर? शेंबडं पोर सांगेल. पण ऑफिसात गेला कोण? बाप. तिथल्या भूपेंद्रभाईंनी गुजरातीत विचारलं, "पाणी गरम करवानुं साधन छे?" आणि ज्याला जन्मात कुणी तुझ्याकडे काय आहे म्हणून विचारलं नव्हतं, तो छाती काढून म्हणाला, "छे ने साहेब, बहु मोटुं छे." झालं. पडलो मोठ्या दरात.

मी गप्प बसलो. का बसलो? कारण अकरावीत शाळा सोडल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, साडीवर भरतकाम करणारं मशीन. जुनं, चालू, आणि त्याला लागतो मोठा लोड, म्हणजे मोठ्या दराचंच मीटर. मी घरात न सांगता इसार देऊन मोकळा. म्हटलं, चला, बापाचा मूर्खपणा एकदा तरी पोराच्या कामी आला.

पण आत्या. तिला दराचं कळलं तशी ती पदर खोचून उभी. मी समजावलं, "आत्या, पावसाळ्यात ढग आले म्हणजे? गिझर लागणारच ना?"

"ढग येतीन तसा जातीन. वर सूर्य शे ना."

"पण आत्या..."

"जेवनूत नही तरी दर महिनाले आहेर देवाना का?"

म्हणजे वीज जाळली नाही तरी तो ठरलेला आकार का भरायचा, असं.

दुसऱ्या दिवशी तिनं दुधाची किटली टाकीतल्या पाण्यानं भरली, गोधडीत गुंडाळली, मांडीवर घेऊन रिक्षात बसली, आणि मला सोबत नेलं, बोलायला. बोलायची वेळ आली नाही. तिनं किटली थेट भूपेंद्रभाईंच्या टेबलावर ठेवली.

"माजी, आ ऑफिस छे, चा नी लारी नथी." त्यांना वाटलं, चहाच विकायला आणला.

"हात घाल भाऊ."

त्यांनी घातला, झटकन काढला. मग हुशारी सुचली. "चूला पर गरम कर्युं हशे."

"वास घे. धूर लागस का?"

भूपेंद्रभाई, एवढा मोठा माणूस, किटलीत नाक घालून हुंगतोय, आणि मागे लाइनीतले सगळे माना उंचावून बघतायत. धूर नव्हता. कुठून असणार? आणि तेवढ्यात आत्याची नजर गेली टेबलाखाली. थंडीचे दिवस, त्यांचे पाय सुजलेले, चपला अर्ध्याच अडकवलेल्या. तिनं प्यूनकडून घमेलं मागवलं, पाणी ओतलं, म्हणाली, "ठेव पाय." आणि त्यांनी ठेवले. सरकारी माणसानं, ऑफिसच्या वेळात. मी आयुष्यात कुणाही वडीलधाऱ्या माणसापुढे मान झुकवलेली नाही, पण खरं सांगतो, त्या क्षणी मनात म्हटलं, बाई, तू पंतप्रधान व्हायला हवी होतीस.

पाय घमेल्यात असतानाच त्यांनी कागदावर मोठा खोडून छोटा केला.

परतताना रिक्षात मी तोंड फुगवून बसलो. ती बाहेर बघत म्हणाली, "तुनं मशीन पुढनी खोलीत खडखड करी. मंग ओली बाळंतीण मी कोठे निजाडू?"

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून.

आता रोज भर दुपारी, टाकी पेटल्यासारखी तापते तेव्हा, गल्लीतल्या लेकुरवाळ्या आमच्याकडे न्हायला येतात. शेक, तेल, पोरांचं रडणं, मग न्हालेली पोरं अशी झोपतात की पंख्याचा आवाज ऐकू यावा. बाप दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आपलं सोलर शे." बादल्या कोण भरतं? मी. परवा म्हटलं, आत्या, माझ्या धंद्याचं काय? तर माझ्या हातात दुसरी बादली देत म्हणाली, "वर सूर्य शे ना."

तर माझ्या वाट्याला आलं ते एवढं. मशीन गेलं, इसार गेला, दुपारची झोप गेली.